धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडत असले, तरी मोठ्या आणि संथ पाण्याचा सहवास त्यांना लाभलेला आहे. भीमा नदी या दोन तालुक्यांच्या मधून वाहते आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी तिला येऊन मिळते. ज्या नदीमुळे शिरूर शहर घोडनदी या नावानेही ओळखले जाते, त्या घोड नदीवर चिंचणी येथे १९६०च्या दशकात धरण उभे राहिले. आणि दौंड तालुक्याच्या पूर्व टोकाला, राजेगाव-खानोट्याच्या बाजूला, उजनी धरणाचा फुगवटा येऊन पोहोचतो. या पाण्यावर मासेमारीच्या होड्या आहेत, पैलतीरावर नेणाऱ्या यांत्रिक बोटी आहेत, भिगवणच्या परिसरात पक्षी पाहण्यासाठी आलेल्यांना फिरवून आणणारे नावाडीही आहेत. मात्र वाऱ्याच्या बळावर चालणारी शिडाची होडी येथे जवळपास नाहीच. अशी एक लहान होडी प्लायवूड आणि इपॉक्सी या दोन साहित्यांतून घरच्या पडवीत किंवा गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कशी बांधता येते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. ज्या प्रदेशात नौकाबांधणीचा वारसा नाही, त्या प्रदेशालाच ही पद्धत सर्वांत अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात पिढीजात हातोटीची जागा अचूक मापाने आणि शिस्तीने घेतलेली आहे, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे.

येथे शीड का नव्हते, याचे उत्तर दख्खनच्या नद्यांच्या स्वभावात सापडते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी खडकाळ नदी ही प्रवासाची वाट नव्हती, ती वाटेतला अडथळा होती. म्हणून पूल होण्यापूर्वी तिच्यावर जी नाव चालत असे ती उतारू आणि जनावरे पैलतीरी पोहोचवण्यापुरती असे, आणि एवढ्या अरुंद पात्रासाठी वल्हे किंवा बांबू पुरेसा होता. धरणांनी हे चित्र पालटले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाची, म्हणजेच यशवंतसागराची, एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे, आणि त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे कालव्यांच्या दारांखाली राहणारे पाणी, असल्यामुळे कडक उन्हाळ्यातही तेथे विस्तीर्ण जलपृष्ठ शिल्लक राहते. अशा उघड्या पृष्ठावर वाऱ्याला विनाअडथळा मोठे अंतर कापता येते आणि शिडाच्या होडीला उपयोगी पडेल असा बऱ्यापैकी स्थिर वारा मिळतो. परंतु हे पाणी जेमतेम चार-पाच दशकांचे आहे, आणि ते अनेक गावांच्या जमिनी व घरे बुडवून साठलेले आहे. एवढ्या तरुण जलाशयाला पिढीजात नौका-सुतार असणे शक्य नव्हते, आणि वाऱ्याचे वळण ओळखणारा पिढीजात नाखवाही असणे शक्य नव्हते. पुण्यात मात्र नौकाक्रीडेची परंपरा आहे. १८६८ मध्ये स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौकानयन प्रशिक्षण ही तिची ठळक ठिकाणे होत. पण ती संस्थांच्या आवारातच राहिली आणि खाली भीमेकाठच्या गावांपर्यंत पोहोचली नाही.

महाराष्ट्राला नौकाबांधणीचा वारसा आहे तो किनाऱ्यावर. गुराब, गलबत, शिबाड, मचवा या नौका कोकणातील सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या. मुंबईत १७३६ पासून वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली, आणि त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला मान १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना ज्या ‘सुहेली’ नौकेने मिळवून दिला, तीही मुंबईतच सागवानात बांधली गेली होती. या परंपरेतील बांधणीचा क्रम असा, की आधी तळकणा बसवायचा, त्यावर नैसर्गिक बाक असलेल्या लाकडांच्या फासळ्या उभ्या करायच्या, फासळ्यांवर फळ्या ठोकायच्या आणि फळ्यांमधील फटींत तेलात भिजवलेला कापूस दाबून भरायचा. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते आणि फटी आवळल्या जातात, या गुणावर ती नौका पाणबंद राहते. हाच गुण दौंड-शिरूरच्या परिस्थितीत दोष ठरतो, कारण येथील हौशी माणसाची होडी आठवडाभर कोरड्या, तापलेल्या शेडमध्ये ठेवलेली असणार आणि फक्त रविवारी पाण्यात जाणार. अशा होडीच्या फळ्या आक्रसतात, फटी उघडतात आणि पाण्यात उतरताक्षणी ती गळू लागते. म्हणून किनाऱ्याच्या कारागिरीबद्दल पूर्ण आदर ठेवूनही तिची पद्धत जशीच्या तशी घाटावर आणता येत नाही.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात ठेवून चिकटवलेला तक्ता. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट असते आणि आडव्या दिशेने फाटते व फुगते. थरांच्या दिशा आलटून-पालटून ठेवल्या की प्रत्येक थर शेजारच्या थराचे फुगणे रोखून धरतो आणि तक्ता दोन्ही दिशांनी स्थिर राहतो. १९३०च्या दशकात पाण्याला दाद न देणारे फिनॉलिक गोंद वापरात आले आणि दुसऱ्या महायुद्धात ‘मॉस्किटो’ या लढाऊ विमानाच्या बांधणीत प्लायवूडने आपली ताकद सिद्ध केली. युद्धानंतर हेच साहित्य लहान नौकांकडे वळले. इपॉक्सी हे दोन घटकांचे रसायन आहे: रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात एकत्र केले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाकडाला घट्ट धरणारा, पाण्याला अटकाव करणारा कठीण पदार्थ तयार होतो. लाकडाच्या सर्व बाजूंना इपॉक्सीचा लेप दिल्यास आतील आर्द्रता फारशी बदलत नाही, आणि होडी पाण्यात असो वा उन्हात, तिचे सांधे हलत नाहीत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात गूजन बंधूंनी १९६९ पासून या तंत्राला पद्धतशीर रूप दिले आणि ते जगभर पसरले.

या साहित्याला साजेशी बांधणीची रीत इंग्लंडमध्ये घडली. केन लिटलडाइक या शिक्षकाने प्लायवूडचे कापलेले तुकडे कडेला छिद्रे पाडून तात्पुरते टाक्यांनी जोडायचे आणि सांध्यांवर आतून-बाहेरून काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये बसवायची, असे तंत्र आपल्या कनूंसाठी वापरले. तेच पुढे १९६२ मध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेल्या ‘मिरर’ या सुमारे ३.३ मीटर लांबीच्या शिडाच्या होडीत आले. एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने सामान्य कुटुंबांसाठी काढलेल्या या होडीच्या सत्तर हजारांहून अधिक प्रती बांधल्या गेल्या, आणि त्यांतील कित्येक लोकांनी स्वतःच्या घरी बांधल्या. त्याआधी १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी प्लायवूडची ‘ऑप्टिमिस्ट’ आखली होती. लहान मुलांना शीड हाताळायला शिकवण्यासाठी आज जगभर आणि भारतातही तीच होडी वापरली जाते. टाके आणि इपॉक्सी यांच्या पद्धतीचे मर्म असे, की नौकेचा आकार आधीच सपाट तक्त्यावर आखलेला असतो: आराखड्यातील मापे तक्त्यावर उतरवून तुकडे कापले आणि त्यांच्या कडा तांब्याच्या तारेने ओढून घेतल्या की तक्ते आपोआप वाकून ठरलेल्या गोलाईत येतात, आणि बाकदार फासळ्या शोधणारी अनुभवी नजर ज्या कामासाठी लागत असे ते काम भूमिती करते.

शिवून बांधलेल्या नौकेचे तत्त्व भारताला अपरिचित नाही. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील नौकाचित्राच्या आधारे भारतीय नौदलासाठी बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या होडी इनोव्हेशन्सने केरळच्या पारंपरिक कारागिरांच्या हातून साकारले, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. मात्र दोन्ही पद्धतींतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. ‘कौंडिण्य’मध्ये काथ्याचे टाके हेच जहाजाचे कायमचे बंधन आहे; प्लायवूडच्या होडीत टाके इपॉक्सी घट्ट होईपर्यंतच आकार धरून ठेवतात आणि नंतर बहुधा काढून टाकले जातात. दांडेकर यांच्याच गोव्यातील कारखान्यात २००९ मध्ये तयार झालेली नौदलाची ‘म्हादेई’ ही दुसऱ्या तत्त्वाची साक्ष आहे: लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना इपॉक्सीतले काचतंतूचे कापड अशी तिची रचना असून, तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता पुरी केली. लाकूड आणि इपॉक्सी यांचा संयोग दक्षिण महासागराच्या लाटांना पुरून उरला. घोड धरणाच्या पाण्यात तो निश्चितच टिकेल, अट एवढीच की तो तितक्याच काळजीने घडवलेला असावा.

ही काळजी साहित्याच्या निवडीपासून सुरू होते. पुण्यातील भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा शिरूरच्या फर्निचर दुकानात प्लायवूड मागितले, तर समोर येणारा तक्ता बहुधा कपाटांसाठी असतो. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३०३ हे मानक सर्वसाधारण प्लायवूडसाठी आहे. नौकेसाठी आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक पाहावे लागते, आणि त्यातील गोंद उकळत्या पाण्यातील ७२ तासांच्या कसोटीला उतरणे अपेक्षित असते. केवळ शिक्क्यावर विसंबू नये. तक्त्याचा एक तुकडा कापून त्याच्या कडेत पोकळ्या आहेत का ते पाहावे आणि तो घरीच काही तास उकळून थर सुटतात का ते तपासावे, कारण थरांमधली पोकळी बाहेरून दिलेल्या लेपाने भरून निघत नाही आणि नेमकी तेथेच होडी मोडते. वजनाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. परदेशी आराखडे बहुधा ओकुमे या हलक्या आफ्रिकी लाकडाच्या प्लायवूडवर बेतलेले असतात. घनमीटरला सुमारे ४५० किलो घनतेच्या त्या लाकडाचा ६ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा तक्ता ८ किलोच्या आसपास भरतो, तर घनमीटरला ७०० किलो घनतेचा देशी तक्ता साडेबारा किलोपर्यंत जातो. म्हणजे पाच तक्त्यांच्या होडीत वीस-बावीस किलोंची वाढ होते. हे वजन पाण्यावर क्षम्य असले, तरी होडी गाडीवर चढवताना आणि काठावरच्या गाळातून ओढताना त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून आराखडा निवडतानाच ते हिशेबात धरले पाहिजे.

इपॉक्सीच्या बाबतीत येथील कारागिरांची एक सवय आड येते. पाण्याच्या टाक्या, दारे आणि पत्रे यांचे फायबरकाम करणारे लोक प्रामुख्याने पॉलिएस्टर रेझिन वापरतात, आणि त्यात लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडा वाढवणे चालून जाते. इपॉक्सीत ही मोकळीक नाही: प्रत्येक थेंब हार्डनरला रेझिनचा नेमका वाटा मिळावा लागतो, प्रमाण चुकले तर थर कायमचा मऊ राहतो आणि तो खरवडून काढण्यावाचून उपाय उरत नाही. उत्पादकाने दिलेले प्रमाण वजनी आहे की आकारमानी, हे पाहून ते काट्यावर किंवा मापाच्या पेल्यात प्रत्येक वेळी मोजणे हा या कामाचा पहिला नियम आहे. दुसरा नियम तापमानाचा. तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. दौंडच्या चाळीस अंशांच्या दुपारी भांड्यात ठेवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने काही मिनिटांत धुमसू लागते. म्हणून ते लहान प्रमाणात कालवून उथळ, पसरट थाळ्यात ओतावे, आणि लाकडावरचा लेप संध्याकाळी, तापमान उतरत असताना द्यावा, कारण सकाळी तापू लागलेल्या लाकडातील हवा प्रसरण पावून ओल्या लेपात बुडबुडे काढते. पावसाळ्यात वेगळी अडचण उभी राहते: दमट हवेत काही हार्डनर लेपावर मेणचट साय आणतात, आणि ती पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे आणि सौम्य महिने या कामाला सर्वांत अनुकूल आहेत. रसायन हाताळताना हातमोजे आणि घासकाम करताना मुखपट्टी अनिवार्य समजावी, कारण इपॉक्सीची त्वचेला एकदा बाधा झाली की ती बहुधा आयुष्यभर राहते. तयार इपॉक्सी उन्हातील अतिनील किरणांनी पांढरट आणि ठिसूळ होते, म्हणून तिच्यावर रंगाचे किंवा किरणरोधक वार्निशाचे आवरण लागतेच.

सांध्यांचे काम गावच्या सुतारालाही लवकर उमगते, कारण रंधा, पटाशी, गुण्या आणि पॉलिश पेपर ही त्याची नेहमीची हत्यारे येथेही तीच आहेत. लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका इपॉक्सीत कालवून केलेली घट्ट लांबी तक्त्यांच्या आतील कोपऱ्यात गोलसर भरली जाते, तिच्यावर काचतंतूची पट्टी बसते, आणि कोपऱ्यावर येणारा ताण एका रेषेत न साठता रुंद पट्ट्यावर वाटला जातो. आठ फुटांच्या तक्त्यातून अकरा-बारा फुटांची होडी करण्यासाठी दोन तक्त्यांच्या कडा जाडीच्या आठपट लांबीच्या उतारावर तासून एकमेकींवर चिकटवतात. असा तिरकस सांधा नीट जमला, तर तो अखंड तक्त्याइतकाच वाकतो.

होडीचा आकार मात्र ज्या पाण्यात ती जाणार त्या पाण्याने ठरवावा. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ४९१ ते ४९६.८ मीटर या पातळ्यांमध्ये येतो, आणि काठ सपाट असल्यामुळे या सहा मीटरांहून कमी चढ-उताराने पाण्याची कड फार दूर सरकते. पाणी उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, आणि तसेच जुन्या गावांच्या भिंती, बांध आणि झाडांचे बुंधे पृष्ठाच्या जरा खाली येऊन थांबतात. वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून तिच्या तळातून एक पाते पाण्यात सोडावे लागते. येथे ते खोबणीत सरळ खाली जाणारे नसावे, आपटताच मागे वळून वर येणारे असावे, आणि सुकाणूचे पातेही तसेच असावे. मुळा-मुठेतून येणारी जलपर्णी भीमेच्या पात्रात साचते आणि सुकाणूत अडकते, हेही असे पाते निवडण्याचे कारण आहे. शिडासाठी आखूड डोलकाठीवर चालणारे, आडव्या काठीला बांधलेले चौकोनी लग शीड सुरुवातीला उत्तम, कारण त्याचा भार खाली राहतो, ते झटकन उतरवता येते आणि पहिले शीड ताडपत्रीच्या जातीच्या कापडातूनही शिवता येते.

येथील वाऱ्याबद्दल कोणतीही कविकल्पना बाळगू नये. हिवाळ्यातील वारे बहुधा मंद असतात, पावसाळ्यातील पश्चिमी वारे जोरकस असतात, आणि चैत्र-वैशाखातल्या दुपारनंतर वळिवाचा वारा काही मिनिटांत स्वच्छ आकाशाचे रूप बदलून टाकतो. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि म्हणून वारा वाढण्यापूर्वीच शिडाचा खालचा भाग गुंडाळून ते लहान करणे, ज्याला रीफ घेणे म्हणतात, हे नवशिक्याने सर्वांत आधी शिकायचे कौशल्य आहे. २१ मे २०२४ रोजी इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्या दरम्यान याच जलाशयात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. धरणाचे संथ दिसणारे पाणी किती निष्ठुर होऊ शकते, याचे यापेक्षा गंभीर स्मरण असू शकत नाही. होडीच्या नाळेत, मागच्या टोकाला आणि बाकांखाली हवाबंद कप्पे असले पाहिजेत, म्हणजे ती पाण्याने भरली तरी माणसांसह तरंगेल. प्रत्येकाच्या अंगावर बांधलेले तारकजाकीट असले पाहिजे. आणि पहिल्या सफरीपूर्वी काठाजवळच्या छातीभर पाण्यात होडी मुद्दाम उलटवून ती सरळ करण्याचा व पाणी उपसण्याचा सराव झाला पाहिजे. ही कसोटी न दिलेली होडी पूर्ण झाली असे या पुस्तकात मानलेले नाही.

हे पाणी कोणा एकाचे नाही, हे भानही बांधणीच्या कामाचाच भाग आहे. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असल्यामुळे नौकाविहारासाठी आवश्यक ती परवानगी घेणे बंधनकारक समजावे. मच्छीमारांची जाळी कोठे पसरली आहेत, हे त्यांनाच विचारून घ्यावे, कारण ज्यांची उपजीविका या पाण्यावर आहे त्यांचा हक्क छंदाच्या आधी येतो, आणि शिवाय वाऱ्याच्या व खोलीच्या बाबतीत त्यांच्याइतका भरवशाचा शिक्षक दुसरा नाही. हिवाळ्यात रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी ज्या उथळ दलदलीत चरतात, तेथून शीड लांबच ठेवावे.

पुढील प्रकरणांत आराखडा वाचणे, तक्त्यावर रेषा उतरवणे, टाके, लांबी, काचतंतूचे अस्तर, डोलकाठी आणि शीड असा क्रम ठेवला आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर कोठे थांबून तपासायचे हेही सांगितले आहे. वाचक शेतकरी असेल, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार असेल, शाळेतील शिक्षक असेल किंवा कपाटे करणारा सुतार असेल. त्याने यापूर्वी शीड पाहिलेले असणे आवश्यक नाही. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच आहे, की तो मोजण्यात कंटाळा करणार नाही, ओल्या लाकडावर लेप देणार नाही आणि तपासणीचा कोणताही टप्पा घाईने ओलांडणार नाही. शिरूर आणि दौंडने आजवर धरणाचे पाणी उसाला, टँकरला आणि पाणीपट्टीच्या आकड्यांत मोजले आहे, आणि ते मोजमाप आवश्यकच आहे; पण ज्या पाण्यासाठी एवढ्या गावांनी आपली घरे सोडली, त्या पाण्याची खोली, गाळ, वारा आणि ऋतू प्रत्यक्ष जाणणारी माणसेही त्याच्या काठी असायला हवीत. स्वतःच्या हाताने होडी बांधून ती जबाबदारीने चालवणारा माणूस हे ज्ञान मिळवतो, आणि ते पुढच्या पिढीला देऊ शकतो. या जलाशयांना अजून नसलेला वारसा असाच, एका-एका शेडमधून, सुरू होऊ शकेल.